मोहरीएवढा पिवळा स्फटिक

घैसासकाकांच्या घरात शिंकायला बंदी आहे.

बेल वाजवली की दार चार बोटं उघडतं आणि आतून प्रश्न येतो, "सर्दी?" नाही म्हटलं तर आत घेतात. खोकला आहे म्हटलं तर कोचापर्यंत जाता येतं, टेबलापर्यंत नाही. बसल्याबसल्या नाक हुळहुळलंच तर गॅलरी आहे. गॅलरीकडे बाण दाखवणारा एक कागद भिंतीला चिकटवलाय आणि त्यावर वळणदार अक्षरात ‘शिंक’ एवढा एकच शब्द लिहिलाय.

ह्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी केबलची वायर बदलायला आलेला माणूस त्यांच्या टेबलाजवळ शिंकला आणि त्या शिंकेत एक आख्खं जंगल उडालं. जंगल वाटाण्याएवढ्या दगडाच्या खळग्यात होतं, पांढऱ्याशुभ्र तंतूंचं. एकेक तंतू केसाहून कितीतरी बारीक. केबलवाला "सॉरी अंकल" म्हणत खाली वाकला, तर काका म्हणाले, "हलू नका. तुमच्या बुटाखाली असेल." तो पाऊण तास एका पायावर उभा होता. जंगल सापडलं नाही. केबलवालाही त्यानंतर आमच्या इमारतीत फिरकला नाही, त्यामुळे वरच्या दोन मजल्यांची वायर नवी आणि खालच्या दोन मजल्यांची जुनी, अशी आमची आजची स्थिती आहे.

मी ह्या सोसायटीची सेक्रेटरी. ठाण्याच्या वर्तकनगरमधली चार मजली, सोळा बिऱ्हाडांची इमारत. काका माझ्या बरोबर वरच्या फ्लॅटमध्ये राहतात. मला सगळ्याच्या याद्या करायची सवय आहे. टाकी धुण्याची यादी, गळतीची यादी, भाडेकरूंची यादी. सोळापैकी पंधरा बिऱ्हाडं ह्या याद्यांत व्यवस्थित बसतात. काका बसत नाहीत. म्हणून त्यांच्यावर वेगळं लिहायला घेतलं.

काका दगड गोळा करतात असं म्हटलेलं त्यांना चालत नाही. "दगड रस्ता करणारेही गोळा करतात," ते म्हणतात. ते स्फटिक गोळा करतात, तेही मोहरीपासून तांदळाच्या दाण्यापर्यंतचे. त्याहून मोठा असला तर ‘शोभेचा आहे’ म्हणून बाजूला ठेवतात. मी एकदा विचारलं, मोठ्यांशी तुमचं काय वाकडं आहे. म्हणाले, "मोठा स्फटिक ओरडून बोलतो. लहान असला की आपल्याला त्याच्याजवळ जावं लागतं."

हे सगळे स्फटिक ठाणे, कल्याण, डोंबिवली ह्या पट्ट्यातल्या जुन्या दगडखाणींमधले. आपल्याकडचा काळा दगड एकेकाळी लाव्हा होता. तो थंड होताना त्यात बुडबुडे अडकले. बुडबुड्यांच्या पोकळीत पाणी झिरपत राहिलं आणि त्या अंधारात, कुणी बघत नसताना, हे स्फटिक वाढत राहिले. काका हे सांगताना आवाज इतका खाली आणतात, की शेजारच्या खोलीत कुणीतरी झोपलंय असं वाटावं. वास्तविक शेजारच्या खोलीत कुणी नाही. काकांनी लग्न केलेलं नाही. का, असं आमच्या तळमजल्यावरच्या कुलकर्णीबाईंनी विचारलं होतं, तर म्हणाले, "नीट बघून होईपर्यंत मुलींची लग्नं व्हायची."

शेजारच्या खोलीत काडेपेट्या आहेत. अकराशेहून जास्त. प्रत्येक पेटीत कापसाऐवजी मेणाचा ठिपका, ठिपक्यावर एक स्फटिक, आणि पेटीवर नंबर नि चिठ्ठी. चिठ्ठीवर चार ओळी: स्फटिकाचं नाव, रंग, खाण कुठली, आणि कुणाला सापडला. चिठ्ठी नसलेल्या स्फटिकाला काका घरात घेत नाहीत. आणि चुकीची चिठ्ठी म्हणजे त्यांच्या लेखी पाप. "चिठ्ठी नसली तर माणूस शोधतो तरी. चुकीची असली तर शोधायचंही थांबतो."

चिठ्ठीवरची रंगाची ओळ ही काकांची खास. त्यांची सगळी नोकरी कोलशेतच्या बाजूला रंगांच्या एका कारखान्यात झाली, रंग जुळवण्याच्या कामावर. गिऱ्हाईकाने पत्र्याचा तुकडा पाठवायचा आणि काकांनी तो रंग डोळ्याने ओळखून हुबेहूब करून द्यायचा. रंग मोजणारं मशीन आलं, तेव्हा आधी मशीनची परीक्षा काकांनी घेतली. मशीन पास झालं, पण काठावर, असं ते सांगतात. त्यामुळे त्यांच्या चिठ्ठ्यांवर नुसतं ‘पिवळा’ कधी नसतं. ‘जुन्या पोस्टकार्डाचा पिवळा’, ‘साय आलेल्या दुधाचा पांढरा’, ‘उतरत्या उन्हातल्या चुन्याचा’ असं असतं.

माणसंही ते खनिजांसारखीच ओळखतात. खनिजांना कठीणपणाचे आकडे असतात, एक ते दहा. एकवर शंखजिरं, दहावर हिरा. काकांनी आख्ख्या सोसायटीला आकडे दिलेत. आमचे चेअरमन एक. "शंखजिरं. नुसतं नख लावलं तरी ओरखडा उठतो." कुलकर्णीबाई तीन, "कॅल्साइट, चुनखडीतलं. लिंबू पिळलं की फसफसतात." मला त्यांनी सात दिलेत.

"सात म्हणजे?"

"गारगोटी. सुरीनं ओरखडा उठत नाही. उलट सुरीच बोथट होते."

ही स्तुती आहे की नाही हे मी विचारलं नाही. माझ्या मिस्टरांनी मात्र आकडा बरोबर असल्याचं सांगितलं.

त्यांच्या यंत्रातून, म्हणजे सूक्ष्मदर्शकातून, मी पहिल्यांदा बघितलं ते पाण्याच्या टाकीच्या कामासाठी सही घ्यायला गेले तेव्हा. "सही करतो, आधी बघा," म्हणाले. मी घाईत होते, गॅसवर कुकर होता. म्हटलं दोन सेकंद डोळा लावावा आणि छान आहे म्हणावं.

डोळा टेकवला. आधी काळोख, मग धुरकट उजेड. काकांनी बाजूची चावी जराशी फिरवली आणि मी एका दरीच्या काठावर उभी होते. खाली बर्फासारखं पांढरं पसरलेलं. पलीकडे काचेचे सुळके, एकमेकांना टेकून उभे, आणि त्यांच्यामागे फिकट गुलाबी पंखे उघडून ठेवल्यासारखं काहीतरी, थरावर थर. कुठूनतरी उजेड येत होता. कुठून ते समजत नव्हतं. त्या दरीत वारा नव्हता. आवाज नव्हता. कुणाचं पाऊल तिथे कधी पडलेलं नव्हतं आणि पडणारही नव्हतं. मी सुळक्यांच्या मधून चालत चालत पलीकडे गेले, असं मला खरंच वाटलं. रस्त्यावर भाजीवाला ओरडत होता, तो दूरच्या एखाद्या गावात ओरडत असावा तसा ऐकू येत होता.

"सेक्रेटरी," काका हळूच म्हणाले, "तुमच्या घरातून शिट्ट्या येतायत. सातवी झाली."

त्या दिवशी वरणाचं जे झालं ते झालं. पण तेव्हापासून आठवड्यातून एकदा तरी मी सर्दी नसताना वर जायला लागले.

काकांचा एकच त्रास होता, तक्रारी. गेली पाच-सहा वर्षं ते मला लेखी तक्रारी देत होते आणि मी त्या रजिस्टरमध्ये नोंदवत होते. जिन्याला पांढरा रंग दिला, त्याच महिन्यात तक्रार आली: कंत्राटदाराने पांढऱ्यात पिवळा मिसळलाय. मग जिन्यातले दिवे पिवळे आहेत. मग दूधवाला गाईचं दूध म्हशीच्या भावाने देतोय का ते बघावं, रंग संशयास्पद आहे. मग गच्चीवरच्या टाकीचं पाणी पिवळसर. मी पाण्याची बाटली भरून तपासून घेतली. पाणी स्वच्छ होतं. काकांनी अहवाल उजेडात धरला आणि म्हणाले, "कागदही हलका वापरलाय. पिवळा पडलाय."

कंत्राटदार जिना बघायला आला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "मॅडम, ह्यापेक्षा व्हाइट कंपनी बनवतच नाही."

मला तेव्हाच समजायला हवं होतं. नाही समजलं. मी फक्त रजिस्टरमध्ये ‘निकाली’ असं लिहीत गेले.

एका रविवारी सकाळी काका म्हणाले, कल्याणच्या पुढची एक खाण बघायला न्याल का, रिक्षावाले तिथे येत नाहीत. मी गाडी काढली. खाण कधीच बंद पडलेली. मध्ये मोठा खड्डा, खड्ड्यात पाणी, पाणी इतकं हिरवं आणि इतकं स्थिर, की त्याच्याकडे बघताना आपलंच बोलणं बंद होतं. एका बाजूची टेकडी कापून नेलेली आणि तिच्या जागी वीस-बावीस मजल्यांचे टॉवर. टॉवरचं नाव ‘हिल व्ह्यू’. पाण्यात टॉवर उलटे दिसत होते आणि त्यांच्या गॅलऱ्यांत उलटे कपडे वाळत होते.

काकांनी तिसऱ्या टॉवरच्या सहाव्या-सातव्या मजल्याकडे बोट दाखवलं. "ते निळं पांघरूण वाळतंय ना, तिथे माझा एकशे बारा नंबरचा सापडला. तिथे तेव्हा कडा होता. दोरीला लटकून बसलो होतो आम्ही दोघं."

"दोघं कोण?"

काकांनी पिशवीतून हातोडी काढली. पिशवीत दोन हातोड्या होत्या. दुसरी बाहेर निघाली नाही.

परत येताना माजिवड्याच्या सिग्नलला गाडी बराच वेळ अडकली, तेव्हा त्यांनी सांगितलं. पुंडलिक म्हात्रे, डोंबिवलीच्या बाहेरचे, त्या खाणीवर मुकादम होते. सुरुंग लावून दगड फोडला की पहिला बघणारा माणूस तो. गार दिसली की घमेलं उपडं टाकून ती झाकायची आणि काकांना निरोप धाडायचा. गार म्हणजे खाणवाल्यांच्या भाषेत कुठलाही स्फटिक. वीसेक वर्षं दोघं बरोबर हिंडले. काकांना पुस्तकातली नावं माहीत, म्हात्र्यांना दगडाचं मन माहीत. हातोडीचा आवाज ऐकून आत पोकळी आहे की नाही ते सांगायचे. काकांच्या पेट्यांवर चौथ्या ओळीत ‘घैसास व म्हात्रे’ असंच लिहिलेलं असतं. हजार नंबरपर्यंत. पुढे नुसतं ‘घैसास’.

खाण बंद व्हायच्या आठवड्यात म्हात्र्यांनी बोराएवढा एक दगड आणून दिला. त्यावर मोहरीएवढे तीन स्फटिक. काकांनी भिंगातून बघितलं. मधासारखे पिवळे, दोन्ही टोकांना निमुळते. ते म्हणाले, हा पॉवेलाइट. ह्या बाजूच्या खाणींत कुणाला मिळाल्याचं त्यांच्या ऐकिवात नव्हतं. आयुष्यभर बघितलं ते ह्यासाठी.

म्हात्र्यांनी भिंग घेतलं, उन्हात धरलं, आणि म्हणाले, "ही आपली सादी गार हाय सायेब. पांढरी. पान्यासारखी."

म्हणजे अपोफिलाइट. तोही देखणा असतो, पण आमच्याकडच्या खाणींत पैशाला पासरी. दोन्ही स्फटिकांचा आकार जवळपास सारखा. एवढ्याशा दाण्यात फरक सांगणार तो रंग. खात्री करायची तर स्फटिक फोडावा लागतो, आणि होते तीनच. दुसरी कसोटी म्हणजे खास दिव्याखाली पॉवेलाइट चमकतो. काकांनी दिवा आणला. स्फटिक चमकले नाहीत. काका म्हणाले, दिवा स्वस्तातला आहे.

"आणि मग?" मी विचारलं.

"मग पुंडलिक पुन्हा म्हणाला पांढरा. मी म्हटलं पिवळा. तो म्हणाला, सायेब, पांढरा. तेव्हा मी म्हटलं..." सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजवायला लागले. "मी म्हटलं, मुकादमाला रंगातलं काय कळतं."

म्हात्र्यांनी त्यांची हातोडी काकांच्या पिशवीत ठेवली आणि चालत घरी गेले. त्यानंतर फोन नाही, काही नाही.

"तुम्ही करायचात फोन."

"काय सांगू? चूक तर त्याची होती ना. पिवळ्याला पिवळा म्हणायचं नाही, हे मी कसं..." पुढचं वाक्य त्यांनी काचेबाहेर सोडून दिलं.

डोळ्यांचा प्रकार लक्षात आला तो चार-पाच महिन्यांनी. काका माझ्या दाराला किल्ली लावत होते. आम्ही आतून बघतोय, किल्ली फिरत नाहीये, आणि काका कुलपाला समजावतायत. त्यांचा मजला चुकला होता, आकडा दिसला नव्हता. दुसऱ्या दिवशी मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगला पिकलेला.

काका ऑपरेशनला तयार नव्हते. "डोळा हेच माझं हत्यार आहे. ते दुसऱ्याच्या हातात कसं देऊ?" मी त्यांच्यासमोर यादी ठेवली. आधीच्या तपासण्या, कोणत्या वेळी कोणते थेंब, काय चालेल, काय नाही. आठ दिवस यंत्राला डोळा लावायचा नाही, ह्याच्याखाली दोन रेघा. काकांनी यादी वाचली, डोळ्यांपासून वीतभर अंतरावर धरून. म्हणाले, "अक्षर बरं आहे. चला."

आधी उजवा डोळा झाला. दुसऱ्या दिवशी पट्टी काढून मी त्यांना घरी आणत होते. पहिल्या मजल्याच्या वळणावर ते थांबले. भिंतीला हात लावला. एक डोळा झाकून बघितलं, मग दुसरा झाकून.

"सेक्रेटरी, हा जिना पांढरा आहे."

"पहिल्यापासून पांढराच आहे."

काका वर गेले. संध्याकाळी माझ्याकडे एक कागद आला. तक्रार क्रमांक अमुक ते तमुक मागे घेण्यात येत आहेत, दूधवाल्याची माफी मागण्यात येत आहे, पाणी तपासणाऱ्यांच्या कागदाबद्दलही.

डॉक्टर म्हणाले होते, मोतीबिंदू असाच चढतो. डोळ्यातली काच हळूहळू पिवळी होत जाते आणि माणसाला वाटतं जग पिवळं झालं. रोज इतकं थोडं, की कळत नाही. रोज रंग बघून आयुष्य काढलेल्या माणसालाही कळत नाही, किंवा त्यालाच सर्वांत शेवटी कळतं.

आठ दिवस काकांनी यंत्राला हात लावला नाही. नवव्या दिवशी सकाळी त्यांनी मला बोलावलं. सर्दी विचारली नाही. यंत्राखाली बोराएवढा दगड होता.

"कुठला रंग?"

मी बघितलं. तीन थेंब. पहाटे गवताच्या पात्यावर असतात तसे, कडा धरून उभे राहिलेले पाण्याचे थेंब. त्यांच्यात खोल कुठेतरी टेबलावरचा दिवा बारीक होऊन बसला होता.

"पाण्यासारखा," मी म्हटलं.

काका खुर्चीवर बसले. "डाव्या डोळ्यानं बघितलं तर अजून पिवळा दिसतो. उजव्यानं बघितलं तर पांढरा. सकाळपासून बघतोय. डावा डोळा माझ्या बाजूनं आहे, उजवा पुंडलिकच्या."

शेजारच्या खोलीत हजार नंबरच्या पुढच्या शंभरेक पेट्या होत्या. त्या सगळ्यांच्या चिठ्ठ्यांवरची दुसरी ओळ आता संशयित. मी वही काढली. म्हटलं, रोज दहा पेट्या घेऊ, मी रंग सांगते, तुम्ही तपासा, दोन आठवड्यांत होईल.

"ते होईल," काका म्हणाले. "हे आधी. तुम्हाला डोंबिवलीला यायला कधी जमेल?"

गुरुवारी निघालो. काकांनी मांडीवर काडेपेटी धरली होती, दोन्ही हातांनी, पाखरू धरावं तशी. मुंब्र्याच्या बायपासवर प्रत्येक खड्ड्याला ते श्वास रोखायचे. मी त्यांना बोलण्याचे तीन मुद्दे काढून दिले होते: एक, डोळ्याचं ऑपरेशन झालं; दोन, स्फटिक पांढरा निघाला; तीन, माफी. काका शीळ फाट्यापर्यंत ते पाठ करत होते.

"तो दार उघडेल ना?" मध्येच त्यांनी विचारलं. मी म्हटलं उघडतील. मला काहीच माहीत नव्हतं.

म्हात्र्यांचं घर दोन टॉवरच्या मध्ये, कौलारू, पुढे ओटा. ओट्यावर एक उंच, काळेसावळे म्हातारे गृहस्थ सुपात तांदूळ निवडत बसले होते. शेजारी त्यांची सून उभी होती. तिनेच आम्हाला आधी बघितलं.

"बाबा, कोणीतरी आलंय."

"कोन?"

"घैसास," काका फाटकातूनच म्हणाले.

सुपातला हात थांबला.

"सायेब, तुमचा आवाज बारीक झाला," म्हात्रे म्हणाले.

"सहा वर्षं झाली, पुंडलिक."

"सहा नाय. गनपतीत सात व्हतील. या. सर्दी नाय ना?"

काका ओट्यावर बसले. मुद्दा एक आणि दोन पार विसरले आणि थेट तीनवर आले. "पुंडलिक, त्या दिवशी मी तुला जे बोललो..."

"ते मी कवाच इसरलो," म्हात्र्यांनी त्यांना तोडलं. "‘मुकादमाला रंगातलं काय कलतं’, असा बोल्ले व्हते तुमी. खानीच्या तोंडाशी. टोपी काढून घाम पुसत व्हते, तवा. शनवार व्हता. इसरलो मी."

सून चहा टाकायला आत गेली. जाताना माझ्या कानाशी म्हणाली, "दर शनिवारी विसरतात."

काकांनी काडेपेटी पुढे केली. "बघ. मी तुला हेच सांगायला आलोय."

म्हात्र्यांनी बनियनच्या आतून, गळ्यातल्या दोऱ्याला बांधलेलं भिंग काढलं. ते अजून गळ्यात होतं. ओट्याच्या कडेला जाऊन दगड उन्हात धरला, फिरवला, पुन्हा धरला. काका त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"पिवला हाय," म्हात्रे म्हणाले.

काकांना वाटलं चेष्टा आहे. "नीट बघ."

"नीटच बघतंय. पिवला. मधावानी. तुमचाच बरोबर व्हता सायेब. तवा मना कसा पांढरा दिसला, कुनास ठाव."

"पांढराच आहे तो."

"पिवला."

"अरे मी सांगतोय ना, पांढरा. मी माझं म्हणणं मागे घ्यायला आलोय."

"आन मी तुमचा म्हनना मान्य करतंय. ते पन चालत नाय तुमाला?"

"मान्य करू नकोस, बघ."

"बघूनच बोलतंय. मुकादमाला कलतं रंगातलं थोडंफार."

आवाज वाढले. सुनेने चहाचे कप आणून ओट्यावर ठेवले. तांदळाचं सूप तिने उचललं, दोन खडे काढून बाहेर टाकले आणि मला हळूच म्हणाली, "हल्ली बाबा निवडतात नि खडे तसेच राहतात. जन्मभर दगड ओळखला त्यांनी. मी पुन्हा निवडते, त्यांना नाही सांगत."

काकांनी ते ऐकलं. ते बोलता बोलता थांबले. म्हात्रे उन्हाकडे तोंड करून उभे होते. काका दोन पावलं पुढे गेले आणि स्फटिक बघतात तसं, मान किंचित तिरकी करून, त्यांच्या डोळ्यांत बघायला लागले. मीही बघितलं. काळ्या बुबुळांच्या मध्यभागी मंद, तांबूस-पिवळं काहीतरी साकळलेलं होतं.

"काय बघताय?" म्हात्रे म्हणाले.

"काही नाही."

"मंग सांगा. पिवला का नाय?"

कुणीही कुठल्याही रंगाबद्दल चुकीचं बोललं तर काका गप्प बसलेले मी कधी पाहिले नव्हते. चेअरमनच्या मुलीच्या लग्नात त्यांनी भर मांडवात शालूचा रंग दुरुस्त केला होता.

"पिवळा," काका म्हणाले.

म्हात्रे खाली बसले. चहाचा कप हातात घेतला पण प्यायले नाहीत. "इतकी वरसा मना वाटायचं, सायबांचा येकच मोठा दगड, तो मी खोटा पाडला. मी कशाला बोल्लो. पिवला बोल्लो असतो तर माजा काय जात व्हता."

"तुझं बरोबर होतं, पुंडलिक," काका म्हणाले. पण ते इतकं हळू, की ते म्हात्र्यांना उद्देशून होतं की नाही, मला सांगता येणार नाही. मग खिशातून पेन्सिल काढून त्यांनी पेटीवरच्या चिठ्ठीवर चौथ्या ओळीत ‘घैसास’च्या पुढे दोन शब्द लिहिले. मग तासभर दोघं कुठल्या खाणीत कुठला दगड कसा सापडला ह्यावर बोलत राहिले. बंद पडलेल्या, बुजवलेल्या, टॉवरखाली गेलेल्या खाणी. टेकड्या एकेक करून ओट्यासमोर परत येऊन उभ्या राहत होत्या, आणि दोघं त्यांच्यावरून दोरी सोडून खाली उतरत होते. सून कामं टाकून ऐकत उंबऱ्यात बसली. मी घड्याळ बघितलं नाही.

निघताना काकांनी मला आत पाठवलं. सुनेला डॉक्टरांचं नाव द्या, पत्ता द्या, तुमची ती यादी द्या, म्हणाले. यादी पर्समध्येच होती. तिने ती दोनदा वाचली आणि फ्रिजवर लावली.

गाडीत काकांचे हात रिकामे होते.

"पेटी?"

"त्याच्याकडे ठेवली."

"काका, त्यांना खरं का नाही सांगितलंत? डोळ्याचं? त्यांचंच पहिल्यापासून बरोबर होतं हे त्यांना कळायला नको?"

"कळेल ना. सून नेईल त्याला. महिना-दीड महिना लागेल. मग एक दिवस तो पेटी उघडेल आणि त्याला पांढरा दिसेल." काका हसले. बाहेर उन्हात कापलेल्या टेकडीची पिवळी-तांबडी बाजू मागे जात होती. पिवळी होती, ती मीही बघितली. "मग मी त्याच्यासमोर पिवळा म्हणालो ते त्याला आठवेल. भयंकर चिडेल. शिव्या घालायला फोन करेल."

शीळ फाटा मागे पडला.

"माझा नंबर तोच आहे, असं मी त्याला सांगितलंय," ते म्हणाले. "दोनदा सांगितलं."